नाताळच्या सुट्टीत माहेरी जायचं, पण उतरायचं कुठे?

तिसऱ्या मजल्यावरची

माहेर नाशिक, सासर डोंबिवली. पोरांच्या शाळेला २४ डिसेंबरला सुट्टी लागली की त्याच संध्याकाळी कल्याणला पंचवटी एक्सप्रेस पकडायची, रात्री दहाच्या आतबाहेर नाशिकरोड, आणि स्टेशनाबाहेर दादा कानटोपी घालून उभा. लग्नाला १४ वर्षं झाली, यात फारसा बदल नाही. पुण्याहून ताई, भाऊजी आणि भाची गाडीने येतात. आम्ही चार, ती तिघं. दादाचा फ्लॅट इंदिरानगरला, दोन खोल्या आणि हॉल. एका खोलीत आई (वय ७४, गुडघे गेलेले). उरलेलं तुम्हीच जुळवा.

आधी हा प्रश्न नव्हता. आमचा वाडा जुन्या नाशकात होता. माजघर, ओटी, वर माडी, मागे चौकात तांब्याचा बंब. किती माणसं आली आणि कुठे झोपली याचा हिशोब कुणी ठेवत नसे. २०११ साली वाडा बिल्डरकडे गेला.

आता मुद्दा. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात वहिनी कणीक मळत होती, दिवा न लावता. मोबाइलचा टॉर्च डब्याला टेकवून ठेवलेला. आमच्या पोरांना सुट्टी असली तरी माझ्या भाच्याची शाळा मराठी माध्यमाची, स्टेट बोर्डाची, तिला नाताळची एकच सुट्टी. त्याचा सातचा वर्ग. डबा तर करायलाच हवा. आणि स्वयंपाकघरातला दिवा लावला की उजेड हॉलमध्ये पडतो, तिथे आम्ही पाचजण ओळीने घोरत होतो.

मी काय केलं? काही नाही. पाणी प्यायले आणि परत रजईत शिरले. थंडी होती. वर्षभर ते डोक्यातून जात नाहीये.

म्हणून या वर्षी दादाला फोन करून सांगितलं, आम्ही मुंबई नाक्याजवळ हॉटेलात दोन खोल्या घेतो, दिवसभर घरीच असू. आईने फोन घेतला. "गावात भाऊ असताना लेक लॉजवर उतरणार? मी मेल्यावर उतर." आणि ठेवून दिला. दादा म्हणाला बघू. वहिनी काहीच बोलली नाही, त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. तुम्ही काय केलं असतं?

जेलरोडकर

हॉटेल घ्या आणि मोकळे व्हा. आई आठ दिवस रुसेल, नंतर विसरेल. आमची विसरली.

पिठलं_भाकरी

"लॉज" हा शब्द आईंच्या तोंडी आला म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर सीबीएस बसस्टँडसमोरची लॉज आली. आधी हॉटेलचे फोटो पाठवा, मग चर्चा :)

घर की धर्मशाळा

मी तुमच्या वहिनीच्या जागेवरची. गंगापूर रोडला राहते, दोन नणंदा, एक दीर, आणि नवऱ्याच्या मावशीचं कुटुंब. नाशिकची हवा डिसेंबरात छान असते हा आमचा गुन्हा.

हॉटेल घेऊन काही होणार नाही, हे आधी सांगते. माझी धाकटी नणंद दोन वर्षं हॉटेलात उतरली. सकाळी नऊला नाश्त्याला हजर, रात्री अकराला जेवून परत. भांडी तेवढीच, वर "अजून आले कसे नाहीत" म्हणून पोहे झाकून बसायचं. झोपायला जागा लागते रात्रीची. दमायला होतं दिवसा.

आणि दमवतं काय ते ऐका. स्वयंपाक नाही दमवत, तो येतो मला. दमवतं ते "किती जण जेवायला आहात" याचं उत्तर न मिळणं. सगळे मिसळ खायला बाहेर पडतात, बारा वाजता परत येतात, "वहिनी, पोट गच्च आहे, फक्त थोडा भात टाका." थोडा भात म्हणजे वरण आलं, तूप आलं, लिंबू आलं, कुणाला पापड हवा. मी सकाळीच केलेली भाजी संध्याकाळी एकटी खाते.

दुसरं, पाणी. आमच्याकडे सोलर आहे. डिसेंबरात चौथ्या बादलीनंतर ते कोमट होतं, सहावीला गार. सहावी बादली कुणाची, सांगायला नको. तिसरं, धुणं. थंडीतली जीन्स आणि स्वेटर दोन दिवस वाळत नाहीत, बाल्कनीत दोरीवर दोरी. आमच्या कामवाल्या मावशी पाहुणे आले की रोजचे वेगळे पैसे घेतात, आणि बरोबरच करतात. ते पैसे मात्र कुणी पाहुणा देत नाही.

त्र्यंबकेश्वरला मी आत्तापर्यंत ११ वेळा "सोबत म्हणून" गेलेय. नाताळच्या गर्दीत रांगेत तासन्‌तास. महादेवाला माझा चेहरा पाठ झाला असेल.

तुम्ही पहाटे तो टॉर्च बघितलात, एवढं तरी आहे. बहुतेकांना दिसत नाही.

कोथरूडचा जावई

हे सगळं वाचून वाईट वाटलं. आमच्या लहानपणी मामाच्या वाड्यात २० माणसं पंगतीला असायची. कुणी बादल्या मोजल्या नाहीत. माणसं मोठ्या मनाची होती. आता दोन माणसं आली की बीपी वाढतं.

घर की धर्मशाळा

जावईबापू, २० माणसं जेवायला होती हे कळलं. रांधायला किती होत्या आणि त्या कधी जेवल्या, तेही आठवत असेल तर लिहा.

नऊवारीतली

वय ६८. मी त्या वाड्यातली सून होते, तेव्हा सांगू शकते. चार बायका होतो. सासूबाई पहाटे चारला उठून बंब पेटवायच्या, लाकडाच्या ढलप्या आणि गोवऱ्या रात्रीच आत आणून ठेवलेल्या, नाहीतर दवाने भिजायच्या. आधी पुरुष, मग मुलं, मग पाहुण्या बायका, मग आम्ही. सासूबाई शेवटी. तोपर्यंत बंब विझलेला असायचा आणि परत पेटवायला त्या तयार नसायच्या. सर्दी त्यांना बारा महिने असे. आम्ही समजायचो प्रकृतीच तशी आहे.

पण मजाही होती. खोटं कशाला बोलू. चौघी मिळून डिंकाचे लाडू वळायला बसलो की रात्री बारापर्यंत हसणं चालायचं. एकटीने दहाजणांचं करणं आणि चौघींनी वीसजणांचं करणं यात फरक आहे. तुमच्या वहिनी एकट्या आहेत.

निफाडचा बागायतदार

विषयाला सोडून आहे, पण पाहुण्यांचाच विषय आहे म्हणून. दरवर्षी २५ डिसेंबरला पाव्हणे येतात आणि म्हणतात चला बागेत, द्राक्षं खाऊ. अहो, आमची गोडी छाटणी ऑक्टोबरात होते. तिथून माल तयार व्हायला १२० दिवसांच्या आसपास धरा. म्हणजे जानेवारी अखेर ते मार्च. डिसेंबरात घडावर हिरवे आंबट मणी असतात. सटाणा-देवळ्याकडे अर्ली छाटणीचा माल डिसेंबरात निघतो, तो निराळा.

आणि तुम्ही ज्याला "मस्त थंडी" म्हणता ना, ती आम्हाला मस्त नसते. आमच्याकडे कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथला आकडा रोज पेपरात छापून येतो, निफाड इतकं इतकं. पारा एक आकडी झाला की मण्यांची फुगवण थांबते, आणि साखर भरायला लागलेल्या बागेत मणी तडकतात. मग पहाटे बागेला ठिबकने पाणी सोडायचं, बांधावर जागोजाग शेकोट्या पेटवून धूर करायचा. गेल्या साली अशाच एका पहाटे मेव्हणे उठून आले आणि म्हणाले, वा, कॅम्पफायर! त्यांच्या हातात पाचटाची पेंढी दिली.

तिसऱ्या मजल्यावरची

@निफाडचा बागायतदार, खूप हसले. आम्हीही दरवर्षी तेच म्हणतो.

@घर की धर्मशाळा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. "फक्त थोडा भात" हे माझं वाक्य आहे. शब्दशः.

खडू_फळा

शाळेचं मध्येच सांगते, कारण हा घोळ दरवर्षी सगळ्या घरांत होतो. स्टेट बोर्डाच्या शाळांना वर्षभरात रविवार सोडून ७६ सुट्ट्यांची मर्यादा असते. त्यात दिवाळी आणि उन्हाळा बसवला की नाताळसाठी काही उरत नाही. सीबीएसई शाळांत उलटं, दिवाळीला मोजकी सुट्टी आणि नाताळला आठवडा. परिणाम असा, की आते-मामे भावंडांना एकत्र सुट्टी मिळते ती फक्त मे महिन्यात, आणि तेव्हा सगळे क्लासला. डिसेंबरात आमच्याकडे स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा असतात. पाहुणे असलेल्या घरातली पोरं वर्गात डुलक्या घेतात, आम्हाला लगेच कळतं.

पिठलं_भाकरी

मिसळीचा विषय निघालाच आहे तर विचारतो, सध्या काळ्या रश्शाची चांगली कुठे मिळते? आणि पापड वेगळा मागावा लागतो की येतोच?

जेलरोडकर

येतोच. ज्या ठिकाणी मागावा लागतो तिथे परत जाऊ नये.

पंचवटीचा पिंट्या

मिसळीवर वेगळे १७ धागे आहेत. इथे ताईंना मार्ग सुचवा.

तर माझा उपाय. घर रिकामं करून द्या. जाताना वहिनींना घेऊन जायचं नाही, त्यांना घर मोकळं मिळालं पाहिजे. एक दिवस पहाटे सहाला पोरं आणि पुरुष गाडीत घालून नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला जुना बंधारा, थंडीत बाहेरदेशीचे पक्षी येतात, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ते. उजाडायच्या आत पोहोचलात तर दिसेल काहीतरी, दहानंतर फक्त माणसं दिसतात. दुसऱ्या दिवशी पांडवलेणी, पायऱ्या चढून पोरं दमतात, खाली फाळके स्मारक. तिसऱ्या दिवशी भगूर. जेवून परत यायचं, आणि जेवून येणार हे आदल्या रात्री सांगायचं.

झोपायच्या व्यवस्थेसाठी बिछायतवाल्याकडून गाद्या आणि रजया भाड्याने आणा. लग्नसराईत मिळत नाहीत, आधी सांगून ठेवा. आणि आणल्यावर एक दिवस उन्हात टाका, कारण आधी कुठल्या हॉलमध्ये होत्या देव जाणे.

सासुरवाशीण_सीनियर

एक साधा प्रश्न. तुमच्या वहिनींचं माहेर कुठे? त्या कधी जातात?

तिसऱ्या मजल्यावरची

येवल्याचं. तिचे आईवडील, दोन भाऊ, सगळे तिथेच आहेत.

कधी जाते... मी बसून आठवलं. दिवाळीत भाऊबीजेला आम्ही येतो म्हणून ती इथेच. नाताळात आम्ही. मे महिन्यात आईला एकटं ठेवता येत नाही म्हणून ती दोन दिवस जाऊन येते, सकाळी जाते ती दुसऱ्या दिवशी रात्री परत. मी कधी विचारलंच नाही.

पैठणीच्या गावची

येवल्याची आहे म्हणता? मग तुम्ही तिला संक्रांतीला कधी पाठवलंत का?

नाशिकपासून निफाड, विंचूर करत ८० किलोमीटरच्या आसपास, पण संक्रांतीला तो वेगळाच मुलूख असतो. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस गावात कामधंदा नाही. सगळं गाव धाब्यावर, म्हणजे गच्चीवर. पतंग चक्रीवर उडवत नाही आम्ही, आसारीवर उडवतो, लाकडाची मोठी असते, हातात फिरवायची सवय लागते. हलकडी वाजत असते, पतंग कापला की जोरात. बायकासुद्धा उडवतात, नुसत्या आसारी धरून उभ्या नसतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खालून वर पाठवतात, कुणी खाली उतरत नाही. तिथे वाढलेली मुलगी संक्रांतीला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये वाणाच्या वाट्या मोजत बसत असेल, तर तिला काय वाटत असेल हे मी सांगू शकते. मी ९ वर्षं बसलेय.

कोथरूडचा जावई

माझ्या वरच्या पोस्टवर रात्री बायकोशी बोललो. मामीचं माहेर कुठलं होतं ते मला माहीत नाही, असं लक्षात आलं. आईला फोन करून विचारलं. घोटी. एवढंच.

तिसऱ्या मजल्यावरची

अपडेट, २ जानेवारी. उशीर झाला, रागवू नका.

हॉटेल घेतलं नाही. आईपुढे माझं चाललं नाही आणि खरं सांगायचं तर धर्मशाळाताईंच्या पोस्टनंतर मलाही त्यात अर्थ वाटेना. ताईशी आधी फोनवर बोलले. ती आधी म्हणाली, "वहिनीने तक्रार केली का?" नाही म्हटलं. "मग तू कशाला उकरतेस?" पंधरा मिनिटं आम्ही भांडलो, मग ती म्हणाली बरं, आम्ही २८ ला येतो. म्हणजे आम्ही एकत्र दोनच रात्री होतो. अर्धा प्रश्न तिथेच सुटला, आणि चौदा वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

बिछायतवाल्याच्या गाद्या आणल्या. आईला ते आवडलं नाही, "लग्न आहे का घरात?" पण रजई जाड निघाली, तिनेच एक ठेवून घेतली. पुरुषमंडळी पक्षी बघायला गेली, एक सुतार पक्षी आणि खूप धुकं बघून आली. कामवाल्या मावशींचे वरचे पैसे मी आणि ताईने त्यांच्या हातात दिले, वहिनीच्या नाही. तिच्या हातात दिले असते तर तिने घेतले नसते, वर वातावरण गढूळ.

सगळं गोड झालं असं नाही. मी पहाटे उठून भाच्याच्या डब्याच्या पोळ्या करायला घेतल्या तर वहिनी पाठोपाठ उठली आणि माझ्यामागे उभी राहून माझी कणीक बघत होती. तिला माझी मदत म्हणजे वाढीव काम वाटत असणार. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "तुम्ही झोपा ताई, मला एकटीला पटापट होतं." मी झोपले. पण हॉलमधून सगळे उठवून आईच्या खोलीत घातले आणि स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवला.

येवल्याचं विचारलं. ती आधी म्हणाली, "आता काय, पतंग उडवायचं वय आहे का." मग भांडी विसळता विसळता विचारलं, "पण आईंजवळ कोण थांबणार?"

सासुरवाशीण_सीनियर

मग? कोण थांबणार?

तिसऱ्या मजल्यावरची

मी. १२ तारखेला एकटी आले. पोरं डोंबिवलीला नवऱ्याकडे, त्यांच्या डब्यांचं काय चाललंय ते मी विचारत नाही. भाच्याची क्रीडास्पर्धा असल्याने तो इथेच, त्यामुळे पहाटेचा डबा माझ्याकडे. आज कर. सकाळी फरशीवर पाय ठेवला तर बर्फ. सोलरच्या पाण्याबद्दल जे लिहिलं होतं ते खरं आहे, फक्त दोन माणसं अंघोळीला असूनही.

आत्ता दुपारी वहिनीला फोन केला, आईची गुडघ्याची गोळी कुठल्या डब्यात ते विचारायला. मागे हलकडी, आरडाओरडा, कुणीतरी "ढील दे, ढील दे" ओरडतंय. मला ऐकू येईना, तिला ऐकू येईना. ती म्हणाली, "ताई, नंतर करते," आणि फोन कट. १४ वर्षांत तिने मला "नंतर करते" म्हटल्याचं आठवत नाही. गोळी फ्रिजवरच्या डब्यात सापडली.

भाचा मात्र नाराज आहे. "आत्या, मम्मीला सांग लवकर ये, पोळ्या जाड आहेत."

घर की धर्मशाळा

जाड चालतात. डबा रिकामा आला का ते बघा.

तिसऱ्या मजल्यावरची

अर्धा आला. उद्या मेथीचे पराठे.